पान असं लावतात?

जबलपूरच्या आपल्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेची फाइल मी उघडली आणि चौसष्टच्या चौसष्ट पानं पाहिली. आता समोर बस, आणि माझं बोलून होईपर्यंत मध्ये तोंड उघडू नकोस. मुखपृष्ठाचं कौतुक इथे रांझीत तुझ्या कानावर पुष्कळ आलं असेल. ते योग्यच आहे, मुखपृष्ठ चांगलं झालंय. पण माणसं स्मरणिका घरी नेऊन वाचतात ती आतली पानं, आणि तिथे तू जे करून ठेवलं आहेस ते मी छपाईला जाऊ देणार नाही.

श्रद्धांजलीचं पान काढ. वर्षभरात मंडळातली सात माणसं गेली. सातही नावं एका मापात हवीत, एवढं तरी तुला सांगावं लागू नये. तुझ्या पानावर तीन नावं १६ पॉइंटांत आहेत, दोन १५ मध्ये, एक साडेसोळात, आणि शेवटचं लांबलचक नाव ओळीत मावेना म्हणून तू ते १४ वर आणलंस. ज्यांचं नाव सगळ्यांत बारीक झालं, त्यांच्या पत्नी हे पान हातात घेतील तेव्हा काय होईल? पॉइंट म्हणजे काय ते त्यांना माहीत नाही. पण सात नावांत आपल्याच माणसाचं नाव बारीक आहे, हे त्यांच्या लगेच लक्षात येईल. तुझ्या मनात तसलं काहीच नव्हतं, मला ठाऊक आहे. छापील पानावर मात्र तुझं मन उमटत नाही, माप उमटतं.

हे का झालं? प्रत्येक नाव तू माऊसने निवडलंस आणि वरच्या चौकटीत हाताने आकडा टाकलास. सात वेळा निवड, सात वेळा आकडा. 'श्रद्धांजली-नाव' अशी एक पॅराग्राफ स्टाइल करून ती सातही ओळींना लावली असतीस, तर शेवटचं नाव मावत नाही म्हटल्यावर त्या स्टाइलमध्ये जाऊन माप १४ केलं असतंस आणि सातही नावं एकदम १४ झाली असती. कुणाच्या मनाला लागायचा प्रश्नच आला नसता.

आता इनडिझाइनमध्ये एफ ११ दाब. पॅराग्राफ स्टाइलचं पॅनेल उघडलं ना? काय दिसतंय? 'बेसिक पॅराग्राफ', आणि त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह. पुढच्या पानावर जा. पुन्हा तेच. शीर्षकावर क्लिक कर, कवितेवर कर, जाहिरातीतल्या पत्त्यावर कर. सगळीकडे 'बेसिक पॅराग्राफ' आणि अधिक. त्याखाली 'नॉर्मल', 'नॉर्मल वेब', 'लिस्ट पॅराग्राफ' अशी बिनकामाची रांग, लेखकांच्या वर्ड फाइलींबरोबर आत शिरलेली आणि तू कधी बाहेर न काढलेली. ते अधिकचं चिन्ह इनडिझाइन शोभेला दाखवत नाही. या परिच्छेदात स्टाइलने सांगितलं त्याहून वेगळं काहीतरी हाताने केलेलं आहे, असं ते दर क्लिकला बजावत असतं. जुना पेजमेकरसुद्धा असंच बजावायचा. इतके दिवस ते चिन्ह तुझ्या डोळ्यांसमोर होतं आणि तू थांबून एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाहीस. वर्गात मी हे शिकवलं होतं. वहीतही तू लिहून घेतलं होतंस.

तेविसावं पान घे. डावा स्तंभ, वरून नववी ओळ. ती ओळ आधीच्या ओळीपासून तुटून खाली सरकली आहे. तुलाही ती दिसली होती, कारण तिथे तू वरच्या ओळीतला एक शब्द काढून बघितलास. लेखकाचा शब्द! ओळ का सरकली हे शोधण्याऐवजी तू दुसऱ्याच्या मजकुराला कात्री लावलीस. आता छुपी चिन्हं चालू कर. नवव्या ओळीच्या शेवटी एक स्पेस आहे. तेवढीच निवड आणि माप वाच. १८ पॉइंट. शीर्षकाबरोबर कॉपी होऊन आलेला तो तुकडा आहे. ओळींमधलं अंतर ठरवणारं लेडिंग तू ऑटोवर सोडलंयस, म्हणजे अक्षराच्या मापाच्या १२० टक्के. तुझ्या ११ पॉइंटच्या मजकुराला ते १३.२ होतं आणि त्या १८ च्या स्पेसला २१.६. एका ओळीत दोन लेडिंग आली की मोठं असेल ते लागू होतं. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका स्पेसने अख्खी ओळ आठ पॉइंटांहून जास्त खाली ढकलली. मजकुराला स्टाइल असती आणि ऑल्ट दाबून तिच्यावर एक क्लिक केलं असतंस, तर असले चिकटलेले तुकडे एका झटक्यात साफ झाले असते.

आणि देवनागरी ऑटो लेडिंगवर सोडायचीच नसते. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. इंग्रजीला पुरणाऱ्या अंतरात आपल्या ओळी एकमेकींवर चढतात. मजकुराचं माप १२, लेडिंग १७, असं काहीतरी विचारपूर्वक एकदा ठरवायचं, एक पान छापून बघायचं, पटलं की स्टाइलमध्ये घालायचं आणि मग त्याला हात लावायचा नाही.

एकतिसाव्या पानावर तर तू शीर्षकाच्या आधी जागा सोडायला पाच वेळा एंटर दाबला आहेस. संपादकांनी मागच्या पानावर दोन ओळी वाढवल्या, मजकूर पुढे सरकला आणि ते पाच एंटर स्तंभाच्या डोक्यावर जाऊन बसले. तिथे आता भलंमोठं भगदाड आहे. त्याच्या पुढच्या पानावर शीर्षक स्तंभाच्या तळाशी एकटं राहिलंय आणि लेख दुसऱ्या स्तंभात. परिच्छेदाच्या आधीची आणि नंतरची जागा स्टाइलमध्ये आकड्याने द्यायची असते. शीर्षक पुढच्या दोन ओळींना बांधून ठेवायची सोयही स्टाइलमध्येच आहे. परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायला तू स्पेसबार दाबलास, कुठे चारदा, कुठे सहादा. हे टाइपरायटरवरचे हात आहेत. इनडिझाइनवर बसून असं काम करणं म्हणजे काम न शिकणं.

आता तुझ्या रात्रींबद्दल. ज्येष्ठ वाचकांसाठी मजकूर ११ चा १२ करा, असं मंडळाने सांगितलं, तेव्हा तू तीन रात्री जागून एकेक लेख निवडत माप बदललंस. हे तू अभिमानाने सांगतोस आणि लोकही म्हणतात, पोरगा किती राबला! मी नाही म्हणणार. ते काम एका मिनिटाचं होतं. मजकुराची स्टाइल उघडायची, ११ च्या जागी १२ लिहायचे, ओके म्हणायचं, मग कुठे काय सरकलं ते शांतपणे पाहायचं. त्या तीन रात्री तू प्रूफ वाचण्यात घातल्या असत्यास तर निम्म्या चुका आज मला सापडल्या नसत्या. जागरण करणं म्हणजे मेहनत नव्हे. आणि इतकं जागून पान २३ वरचा मजकूर नि पान ४४ वरचे दोन परिच्छेद ११ चेच राहिलेत.

'छपाईला पीडीएफच जाते, आतली फाइल कोण बघतंय,' असं तू परवा म्हणालास. ती फाइल पुढच्या वर्षी स्मरणिका करणारा मुलगा बघेल. मंडळाचं काम हातोहात जातं. आज तू आहेस, उद्या तुला पुण्याला किंवा नागपूरला नोकरी लागेल आणि बारावीतलं एखादं पोर हे काम घेईल. त्याच्या हातात तू काय देणार? ज्या फाइलीत कुठलं शीर्षक का मोठं आणि कुठलं का लहान याचा काही पत्ता लागत नाही, ती फाइल त्याला पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. स्टाइल नीट असतील तर तो तुझी फाइल समोर ठेवेल, लोड स्टाइल म्हणेल आणि पहिल्याच दिवशी कामाला लागेल. तुझ्या पीडीएफचं तो काय करणार?

आता चाळिसावं पान. वाहन निर्माणीवरचा लेख. १९६९ साली निर्माणी उभी राहिली, शक्तिमान ट्रक निघू लागले, विदर्भातून किती कुटुंबं इथे येऊन वसली, हे सगळं एका निवृत्त गृहस्थांनी मन लावून लिहिलंय. लेख हिंदीच्या दुकानात टाइप झाला, म्हणून तो कृतिदेव फॉन्टमध्ये आला. लेखात ट्रकच्या मॉडेलांची नावं इंग्रजी अक्षरांत होती. तू सगळा लेख निवडून कृतिदेव लावलास आणि त्या नावांच्या जागी क, र, त असा अर्थहीन चुरा उमटला. असं होणारच होतं. कृतिदेवमध्ये देवनागरी अक्षरं इंग्रजीच्याच जागांवर बसवलेली असतात. इंग्रजी डी च्या जागी क, जे च्या जागी र, आर च्या जागी त. संगणकाला दोन्ही सारखीच, फरक फक्त फॉन्टचा. मग तू पाच नावं डोळ्यांनी शोधून दुरुस्त केलीस आणि तीन तशीच राहिली.

त्यासाठीच कॅरॅक्टर स्टाइल असते. 'इंग्रजी' नावाची एक करायची, तिच्यात फक्त इंग्रजी फॉन्ट आणि माप सांगायचं, आणि आधी ती प्रत्येक इंग्रजी शब्दाला लावायची. मग ऑल्ट दाबून परिच्छेदाची स्टाइल लावलीस की हाताने केलेला पसारा जातो आणि कॅरॅक्टर स्टाइल लावलेले शब्द जागच्या जागी राहतात. ऑल्टबरोबर शिफ्टही दाबलंस तर त्याही जातात, हा फरक पाठ कर. आणि कृतिदेवमधला मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणल्याशिवाय यापुढे पानावर घ्यायचाच नाही. अर्धी फाइल कृतिदेव, अर्धी युनिकोड, असली खिचडी मला पुन्हा दिसता कामा नये.

युनिकोडच्या पानांवरही तू निष्काळजीपणा केला आहेस. अठराव्या पानावर विद्यार्थी या शब्दाची पहिली वेलांटी भलत्याच जागी बसली आहे आणि द्य फुटलाय. शेजारचा परिच्छेद मात्र ठीक. कारण तिथे तू वर्ल्ड-रेडी कंपोजर निवडलास आणि इथे विसरलास. भारतीय लिप्यांची अक्षरं नीट जुळायला हा कंपोजर लागतो. परिच्छेदागणिक आठवण ठेवून निवडायची ही गोष्ट नाही. मूळ स्टाइलमध्ये एकदा घातली की प्रश्न मिटतो.

तिथेच भाषा मराठी ठेवायची. आपण जबलपुरात राहतो, इथली छपाई हिंदीची सवय असलेल्या हातांतून जाते, म्हणून आपणच जास्त जागरूक राहायला हवं. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे असतात. काही फॉन्टांत दोन्ही वळणं असतात आणि भाषा कोणती सांगितली आहे त्यावरून योग्य ते उमटतं. टिरो देवनागरीचे तर मराठी, हिंदी आणि संस्कृत असे वेगळे फॉन्टच मिळतात, तेही फुकट. भेडाघाटच्या लेखात दऱ्या या शब्दाच्या जागी तू दर्या छापलंस. नर्मदेकाठी समुद्र आणून बसवलास! हे टाइप करणाऱ्याने केलं असेल, पण प्रूफ तुझ्या हातात होतं. आपल्या पोरांना मराठी शाळा मिळत नाही. वर्षाकाठी जे काही मराठी छापील त्यांच्या हाती पडतं, त्यात ही स्मरणिका आहे. त्यांनी दऱ्या हा शब्द कुठून शिकायचा?

तुझे वडील वाहन निर्माणीत होते. त्यांना विचार, तिथे नटबोल्टचं माप कुणी नजरेच्या अंदाजाने ठरवायचं का? गेज लावायचे. गेजमध्ये बसला तर पास, नाही तर बाद, मग तो कुणीही केलेला असो. स्टाइल हे तुझं गेज आहे. ते आधी बनवायचं आणि मग कामाला लागायचं. तू चौसष्ट पानं गेजशिवाय केलीस.

ही शिस्त संगणकाने आणलेली नाही. खिळे जुळवायचे तेव्हा प्रत्येक मापाची केस वेगळी असे. छापखान्यात जेवढ्या मापांचे खिळे, तेवढीच मापं. साडेसोळाचं शीर्षक कुणाच्या मनातही येत नसे. ओळींमधलं अंतर धातूच्या पट्ट्या घालून ठेवायचे, म्हणून ते सगळीकडे सारखं. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याचं काम याच शिस्तीवर नावाजलं गेलं. आपल्या जबलपुरातून १९२० साली माखनलाल चतुर्वेदींच्या संपादनाखाली 'कर्मवीर' साप्ताहिक निघालं, त्यामागे माधवराव सप्रे या मराठी माणसाची प्रेरणा होती. हातात शिसं होतं, तरी अंक वेळेवर आणि वाचण्याजोगा काढायची जिद्द होती. संगणक आल्यावर १९८५ साली पेजमेकर आला आणि १९८६ मध्ये व्हेंचुरा पब्लिशर. व्हेंचुरात तर स्टाइल शीटशिवाय कामच पुढे सरकत नसे. १९९९ मध्ये इनडिझाइन आलं आणि या सगळ्याला आणखी बळ मिळालं. हवं ते माप हवं तिथे देण्याची मोकळीक या साधनांनी दिली, आणि ती मोकळीक ताब्यात ठेवायला स्टाइलही दिल्या. तू मोकळीक तेवढी उचललीस.

आणखी एक. तुझ्या संगणकावरचं इनडिझाइन विकत घेतलेलं नाही, हे मला कळलंय. मंडळाचं काम चोरीच्या साधनावर होणार नाही. परवडत नसेल तर स्क्रायबस घे. फुकट आहे, कायदेशीर आहे, २००३ पासून त्याच्या आवृत्त्या निघतायत. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ मध्ये देवनागरी नीट जुळते आणि पॅराग्राफ व कॅरॅक्टर दोन्ही स्टाइल आहेत. साधन साधं असलं तरी चालेल. कामाची रीत सोडलेली चालणार नाही.

आता काय करायचं ते नीट ऐक.

फाइल मी अडवून ठेवली आहे. मंडळाच्या सचिवांना सांगितलंय की अंक चार दिवस उशिरा निघेल आणि त्याची जबाबदारी माझी. तू सगळी पानं पुन्हा लावायचीस. सुरुवात संगणकावर करायची नाही. छापलेली चौसष्ट पानं घेऊन बस आणि मजकुराचे प्रकार किती आहेत त्याची यादी कर. लेखाचं शीर्षक, उपशीर्षक, लेखकाचं नाव, पहिला परिच्छेद, पुढचा मजकूर, कवितेची ओळ, चित्रओळ, पदाधिकाऱ्यांची यादी, श्रद्धांजली-नाव. दहा-बारापेक्षा जास्त निघाले तर तुझा विचार कुठेतरी चुकतोय असं समज.

नावं कामावरून दे, दिसण्यावरून नको. 'लाल-१८-ठळक' हे काय नाव झालं? उद्या अध्यक्ष म्हणाले निळं करा, की नाव खोटं पडलं. 'लेख-शीर्षक' म्हण. मग रंग कितीही बदलो, नाव खरंच राहतं.

सगळ्यांच्या मुळाशी एक स्टाइल ठेव. फॉन्ट, मराठी भाषा, कंपोजर एवढंच तिच्यात. बाकीच्या तिच्यावर आधारलेल्या. पहिला परिच्छेद म्हणजे मजकूरच, फक्त पहिली ओळ आत घेतलेली नाही. तेवढा एकच फरक त्यात सांग. उद्या मुळात फॉन्ट बदललास की सगळी स्मरणिका बदलेल. शीर्षकानंतर लेखकाचं नाव, मग पहिला परिच्छेद, मग मजकूर, ही साखळी पुढची स्टाइल म्हणून बांध. मग लेख निवडून शीर्षकाच्या स्टाइलवर उजवं क्लिक करून साखळीसकट लावलीस की चारही एका दमात लागतात. पदाधिकाऱ्यांच्या यादीत 'अध्यक्ष :', 'कोषाध्यक्ष :' हे शब्द तू एकेक निवडून ठळक केलेस आणि 'सहसचिव' राहून गेला. नेस्टेड स्टाइलमध्ये सांग की पहिल्या अपूर्णविरामापर्यंत ठळक. मग कुणी राहणार नाही. आणि ठळक म्हणजे फॉन्टचं खरं ठळक वजन. अक्षरांना पाव पॉइंटची रेघ मारून तू जे जाड केलंयस, त्यात छापताना अक्षरांच्या पोकळ्या भरतात आणि ष नि प वेगळे ओळखू येत नाहीत.

वर्डमधून आलेल्या स्टाइल एकेक करून काढ. काढताना त्यांच्या जागी कोणती लावायची ते इनडिझाइन विचारेल, तिथे विचार करून उत्तर दे, घाईने एंटर मारू नकोस. तेविसाव्या पानावर काढलेला शब्द परत घाल आणि त्या लेखकांना स्वतः फोन करून सांग की तू तो काढला होतास.

हे सगळं मी इतकं ताणून सांगतेय, कारण तू हे करू शकतोस. रंग, फोटो, पानाची मोकळी जागा यांची तुला उत्तम जाण आहे. जाण असलेल्या माणसाने आळशी काम केलं तर ते मी खपवून घेत नाही. चार लोकांचा मजकूर आणि सात घरांची दुःखं तुझ्या हवाली केली होती. विश्वासाने दिलेल्या गोष्टीला 'दिसतंय तर बरोबर' एवढंच माप लावायचं नसतं.

उद्या संध्याकाळी यादी घेऊन ये. कागदावर, पेन्सिलने, प्रत्येक प्रकारापुढे माप आणि लेडिंग लिहून. मी ती तपासेन, आणि माझी सही झाल्याशिवाय माऊसला हात लावायचा नाही.